‘पांगा’ असे कोणी सांगितले होते?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो. हिवाळी अधिवेशनाच्या काळात मानधनावर काम करणाऱ्या महिला कर्मचाऱ्यांचा मोर्चा निघाला. अधिवेशनात मोर्चे जिथे अडवले जातात, अशा एका ठिकाणी पोलिसांनी कठडे लावून तो थांबवला. शिष्टमंडळाला मंत्र्यांची भेट मिळेपर्यंत उठणार नाही, असे सांगून महिला रस्त्यावरच बसल्या. दोन-अडीच तास घोषणा आणि गाणी चालली आणि अंधार पडू लागताच लाठीमार झाला. प्रश्न विचारणाऱ्या ताईंच्या डाव्या हाताचे हाड मोडले आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याचविरुद्ध सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा दाखल झाला. या घटनेला आता अडीच महिने होत आले आहेत. त्या विचारतात की, मोर्चाची परवानगी ठरावीक जागेपुरतीच होती, तेव्हा पोलिसांनी मारले ते कायद्याने बरोबर होते का आणि आता काही करता येईल का.

मी सव्वीस वर्षे नागपुरात फौजदारी वकिली करतो आहे. मोर्चेकऱ्यांच्या बाजूने बरेचदा आणि पोलिस कर्मचाऱ्यांच्या बाजूने काही वेळा न्यायालयात उभा राहिलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की, अशा प्रकरणाचा निकाल बहुतेक वेळा परवानगीच्या कागदावर लागत नाही. तो दुसऱ्याच एका गोष्टीवर लागतो आणि ती गोष्ट म्हणजे जमावाला पांगण्याचा आदेश दिला गेला होता का, तो ऐकू गेला होता का आणि त्यानुसार उठून जायला वेळ व वाट होती का.

तरीही परवानगीचा मुद्दा आधी निकालात काढू, कारण मोर्चेकरी त्यानेच सर्वांत जास्त खचतात. शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र येण्याचा हक्क संविधानाच्या कलम १९ ने दिलेला आहे आणि त्यावर सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी वाजवी निर्बंध घालता येतात. रस्त्यावरील सभेचे नियमन सरकार करू शकते, परंतु रस्त्यावर सभा घेण्याला सरसकट बंदी घालू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने हिम्मतलाल शाह यांच्या प्रकरणात १९७३ सालीच स्पष्ट केले आहे. नागपूर हे पोलिस आयुक्तालय असल्यामुळे येथे महाराष्ट्र पोलिस अधिनियमाच्या कलम ३७ खालील मनाई आदेश पोलिस आयुक्त काढतात. असा आदेश राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपेक्षा जास्त काळ चालू ठेवता येत नाही. बीड जिल्ह्यात याच कलमाखाली निघालेल्या आदेशाचा आधार घेऊन माजलगावच्या धरणे आंदोलनाला परवानगी नाकारली गेली, तेव्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने फेब्रुवारी २०२० मध्ये तो आदेश रद्द केला आणि एखाद्या कायद्याला शांततेने विरोध करणाऱ्यांना केवळ तेवढ्यावरून देशद्रोही म्हणता येत नाही, असे नमूद केले. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. शाहीन बागेच्या प्रकरणात त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून बसण्याचा हक्क कोणालाही नाही, असा निर्णय दिला. म्हणून आपण रस्त्यावर बसलात ते कायद्याच्या दृष्टीने निर्दोष होते, असे मी म्हणणार नाही.

परंतु मनाई मोडली म्हणून काय करता येते, हे कायद्यात ठरलेले आहे. त्याबद्दल पोलिस अधिनियमाच्याच कलम १३५ खाली खटला भरता येतो. पोलिसांची वाजवी सूचना न पाळणाऱ्याला कलम ६९ खाली तेथून हलवता येते. नागपुरात दर अधिवेशनात शेकडो लोकांना ‘६८ खाली ताब्यात घेऊन ६९ खाली सोडले’ जाते, गाडीत बसवून पोलिस मुख्यालयाच्या मैदानावर नेले जाते आणि संध्याकाळी घरी पाठवले जाते. परवानगीचा भंग हा अशा कारवाईचा विषय आहे. तो मारण्याचा आधार नाही, कारण मारणे ही शिक्षा ठरते आणि शिक्षा देण्याचा अधिकार पोलिसांना कोणत्याही कलमाने दिलेला नाही.

बळ वापरण्याचा अधिकार येतो तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ मधून. १ जुलै २०२४ पूर्वी हेच कलम फौजदारी प्रक्रिया संहितेत १२९ या क्रमांकाने होते आणि जुने निकाल त्याच क्रमांकाने सापडतील. हे कलम शांतपणे वाचले तर त्याचा क्रम लक्षात येतो. जमाव बेकायदेशीर असला पाहिजे, किंवा पाच अथवा अधिक लोकांचा असून त्याच्यामुळे सार्वजनिक शांतता भंग होण्याचा संभव असला पाहिजे. अशा जमावाला कार्यकारी दंडाधिकारी किंवा पोलिस ठाण्याचा प्रभारी अधिकारी, आणि तो हजर नसेल तर किमान उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी, पांगण्याचा आदेश देऊ शकतो. आदेश देऊनही जमाव पांगला नाही, किंवा पांगायचेच नाही असा निर्धार त्याच्या वागण्यातून उघड दिसला, तरच बळाने पांगवण्याचा अधिकार उत्पन्न होतो. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने १९७९ साली करम सिंग प्रकरणात या अटी एकेक करून मांडल्या आणि देशभरातील वकील आजही तो निकाल दाखवतात.

पोलिस येथे म्हणतील की, महिला ‘उठणार नाही’ असे म्हणत होत्या, म्हणजे निर्धार दिसतच होता. हा युक्तिवाद कमकुवत नाही आणि आपल्या वकिलांनी त्याची तयारी ठेवली पाहिजे. त्याचे उत्तर असे की, निर्धाराचा प्रश्न येण्याआधी जमाव शांतता भंग करण्याजोगा असावा लागतो आणि अडीच तास गाणी म्हणत बसलेल्या महिलांकडून कोणती शांतता भंग होणार होती, हे पोलिसांना सांगावे लागेल. वाहतूक खोळंबणे आणि शांतता भंग होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाहतूक मोकळी करायची असेल तर बसलेल्या माणसाला उचलून गाडीत घालता येते आणि स्त्रियांच्या बाबतीत ते काम महिला पोलिसांनी करायचे असते. अटक करताना पुरुष पोलिसाने स्त्रीच्या अंगाला हात लावू नये, असे संहितेचे कलम ४३ सांगते. ज्या अंगाला हात लावायलाही मनाई आहे, त्या अंगावर पुरुष पोलिसाची काठी कशी पडली, हा प्रश्न मी प्रत्येक वेळी विचारतो.

आता आदेशाकडे येतो. अशा गुन्ह्यांच्या फिर्यादीत एक वाक्य ठरलेले असते, ‘वारंवार सूचना देऊनही जमाव ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हता’. हे वाक्य वर्षानुवर्षे तसेच्या तसे उतरवले जाते आणि उलटतपासणीत बहुधा तिथेच प्रकरण उलगडू लागते. सूचना कोणी दिली, कोणत्या गाडीवरच्या भोंग्यावरून दिली, शब्द काय होते, त्या वेळी मोर्चाचा स्वतःचा ध्वनिक्षेपक चालू होता की बंद, सूचना दिल्यावर किती मिनिटे थांबलात, आणि लोकांनी कोणत्या रस्त्याने जावे असे सांगितले? एका खटल्यात भोंग्यावरून तीन वेळा सूचना दिल्याची साक्ष झाली होती. त्या गाडीचे लॉगबुक मागवल्यावर दिसले की, लाठीमाराच्या वेळी ती गाडी दुसऱ्याच चौकातील बंदोबस्तावर होती. साक्षीदार अधिकारी ते पान हातात धरून बराच वेळ बघत राहिले आणि नंतर म्हणाले की, सूचना तोंडी दिली असावी. हजारभर लोकांच्या घोषणांमध्ये तोंडी दिलेली सूचना पहिल्या रांगेपलीकडे जात नाही. शिवाय आपल्याकडे मोर्चे मेळघाटातून येतात, गडचिरोलीतून येतात. कोरकू किंवा माडिया बोलणाऱ्या म्हातारीला ‘सदर जमाव बेकायदेशीर घोषित करण्यात येत आहे’ हे वाक्य ऐकू आले तरी त्यातून तिने काय समजावे?

वाटेचा प्रश्न तर नागपूरला वेगळा सांगण्याची गरज पडू नये. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी अनुसूचित जमातीच्या सवलतींसाठी गोवारी समाजाचा मोर्चा विधानभवनाकडे आला होता. तो अडवला गेला, लोक तासन् तास थांबून राहिले आणि लाठीमारानंतर झालेल्या चेंगराचेंगरीत ११४ जण मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. आदिवासी विकासमंत्री मधुकरराव पिचड यांनी राजीनामा दिला आणि चौकशीसाठी न्यायमूर्ती दाणी आयोग नेमला गेला. झिरो माइलजवळ त्यांचे स्मारक आहे, उड्डाणपुलाला त्यांचे नाव आहे आणि दर २३ नोव्हेंबरला गावोगावचे गोवारी बांधव तेथे येऊन फुले वाहतात. ती संध्याकाळ माझ्या वयाच्या प्रत्येक नागपूरकराच्या लक्षात आहे. एवढी माणसे काठीच्या घावांनी गेली नाहीत. मागून रेटा, पुढे कठडे आणि निघायला जागा नाही, यामुळे ती गेली. त्यामुळे कठड्यांच्या मागे कोंडलेल्या गर्दीवर पुढून लाठी चालवण्याचा हुकूम देणारा अधिकारी त्या क्षणी किती मोठी जोखीम पत्करतो आहे, हे निदान या शहरात तरी कोणालाही नव्याने शिकवावे लागू नये. आपल्या प्रकरणातही मागचा रस्ता खुला होता की तिथे गाड्या उभ्या होत्या, हे आपल्या प्रत्येक साक्षीदाराने आपापल्या शब्दांत लिहून ठेवावे.

बळ किती वापरावे, याचाही नियम आहे. जमावावरील बळाच्या वापरासाठी पोलिस महानिरीक्षकांच्या परिषदेने १९६४ साली आदर्श नियम स्वीकारले होते. लाठी शरीराच्या मांसल भागावर मारावी आणि डोके व गळ्याजवळचे हाड टाळावे, असे त्यांत सांगितले आहे. सरावातही कमरेखाली मारण्याचेच शिक्षण दिले जाते. वर्तमानपत्रांत ‘सौम्य लाठीमार’ असा शब्द येतो. तो शब्द कोणत्याही कायद्यात नाही आणि पत्रकार मित्रांनी तो वापरू नये, असे मला मनापासून वाटते, कारण सौम्य होता की नव्हता हे जखमच सांगते.

जखम कशी बोलते ते पाहा. गोल काठीचा जोरदार फटका बसला की कातडीवर रेल्वेच्या रुळांसारखे दोन समांतर लाल पट्टे उठतात आणि त्यांच्या मधला भाग फिका राहतो. हे वळ मांडीच्या किंवा पाठीच्या मागच्या बाजूला असतील, तर ती व्यक्ती पाठ फिरवून निघाली असताना मार बसला, असे म्हणायला आधार मिळतो. पहिल्या दिवसाचा लाल-निळा रंग पुढच्या काही दिवसांत हिरवट आणि मग पिवळट होत जातो, म्हणून तपासणीची तारीख फार महत्त्वाची असते. ताई, आपण लिहिले आहे की, आपले कोपर आणि मनगट यांच्या मधले, करंगळीच्या बाजूचे हाड मधोमध मोडले. माणूस तोल जाऊन हातावर पडला, तर सहसा मनगटाजवळचे, अंगठ्याच्या बाजूचे हाड मोडते. करंगळीच्या बाजूचे एकटे हाड मधोमध मोडणे, हे डोक्यावर येणारा फटका अडवण्यासाठी वर उचललेल्या हाताचे लक्षण म्हणून न्यायवैद्यकशास्त्रात ओळखले जाते. एकट्या एक्स-रेवरून सर्व सिद्ध होत नाही. परंतु आपण बसलेल्या होता, मारणारा उभा होता आणि हात डोक्यावर धरला होता, हे साक्षीतून आले, तर ‘कमरेखाली मारले’ हा बचाव उभा राहणे कठीण आहे. हाड मोडणे ही कायद्याने गंभीर दुखापत आहे आणि तिच्यासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ११७ आहे.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल येथे उपयोगी पडतात. दिल्लीच्या रामलीला मैदानावर ४ आणि ५ जून २०११ च्या मधल्या रात्री झोपलेल्या लोकांवर पोलिसी कारवाई झाली होती. न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, फेब्रुवारी २०१२ मध्ये बळाचा गैरवापर झाल्याचा निष्कर्ष काढला आणि मृत महिलेच्या वारसांना ५ लाख, गंभीर जखमींना ५० हजार आणि किरकोळ जखमींना २५ हजार रुपये देण्यास सांगितले. त्याच निकालात आयोजक न्यासाचाही निष्काळजीपणा धरून भरपाईचा पंचवीस टक्के भार त्याच्यावर टाकला, हे मोर्चे काढणाऱ्या संघटनांनी विसरू नये. दुसरा निकाल २०१६ चा, जम्मू-काश्मीरमधील अनिता ठाकूर यांचा. तेथे मोर्चा हिंसक झाला होता, म्हणून सुरुवातीचे बळ न्यायालयाने योग्य मानले. परंतु जमाव आटोक्यात आल्यानंतर आणि माणसे ताब्यात घेतल्यानंतरही जी मारहाण चालू राहिली, ती मूलभूत हक्कांचा भंग ठरवून भरपाई दिली. म्हणजे बळाचे कारण ज्या क्षणी संपते, त्या क्षणी अधिकारही संपतो. आपल्या मोर्चात शेवटी कोणी दगड मारला, असे पोलिसांनी म्हटले तरी, त्या दगडानंतर बसलेल्या महिलांना का मारले, याचे उत्तर त्यांना वेगळे द्यावे लागेल.

पोलिसांच्या बाजूने काही न बोलणे अन्यायाचे होईल. अधिवेशनाच्या बंदोबस्ताला बाहेरच्या जिल्ह्यांतून आणलेला शिपाई पहाटेपासून उभा असतो, जेवणाचा डबा हातात पडेल तेव्हा खातो, त्याला शहराचे रस्ते माहीत नसतात आणि समोरचा मोर्चा कशासाठी आहे हेही अनेकदा माहीत नसते. मी ज्या कर्मचाऱ्यांची बाजू मांडली, त्यांतील एकाने मला सांगितले होते की, शिट्टी वाजली म्हणून तो धावला, कोणत्या कारणाने वाजली हे त्याला न्यायालयात कळले. म्हणून तक्रार लिहिताना केवळ मारणाऱ्या हातांवर थांबू नका. त्या ठिकाणी हुकूम देण्याचा अधिकार कोणाकडे होता, तो हजर होता का आणि त्याने थांबवले का, हे विचारा. बंदोबस्त आदेशात प्रत्येक ठिकाणच्या प्रभारी अधिकाऱ्याचे नाव असते.

आता काय करता येईल, याकडे येतो. सर्वांत तातडीची गोष्ट मुदतीची आहे आणि ती अनेक वकिलांच्याही नजरेतून सुटते. महाराष्ट्र पोलिस अधिनियमाच्या कलम १६१ प्रमाणे, कर्तव्याच्या नावाखाली किंवा अधिकार ओलांडून केलेल्या कृत्याबद्दलचा दावा किंवा खटला कृत्याच्या तारखेपासून सहा महिन्यांत दाखल व्हावा लागतो. राज्य शासनाची पूर्वमंजुरी असेल तर फौजदारी खटल्याला दोन वर्षांपर्यंत मुभा आहे. भरपाईच्या दिवाणी दाव्यापूर्वी एक महिन्याची नोटीस द्यावी लागते, म्हणजे प्रत्यक्षात हातात पाचच महिने असतात. कोठडीतील मारहाण ‘कर्तव्याच्या नावाखाली’ येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात १९६६ साली म्हटले आहे आणि आपल्या बाबतीतही तसा युक्तिवाद करता येईल. परंतु युक्तिवादाच्या भरवशावर मुदत जाऊ देऊ नये.

पोलिस ठाण्याने तक्रार घेतली नाही, तर ती लेखी स्वरूपात रजिस्टर पोस्टाने वरिष्ठांकडे पाठवा आणि त्यानंतर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५ खाली दंडाधिकाऱ्यांकडे जा. लोकसेवकाविरुद्धच्या तक्रारीत आता दंडाधिकारी वरिष्ठ अधिकाऱ्याचा अहवाल आणि त्या लोकसेवकाचे म्हणणे पाहूनच तपासाचा आदेश देतात, त्यामुळे जुन्या कायद्यापेक्षा वेळ जास्त लागतो. त्याच संहितेच्या कलम १५१ खाली शासनाच्या मंजुरीचा अडथळाही पुढे येईल. ते संरक्षण सद्भावनेने केलेल्या कृत्यासाठी आहे, अभेद्य नाही. मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ रोजी झालेल्या गोळीबारात दहा जण मरण पावले होते. त्या प्रकरणी राज्य राखीव पोलिस दलाच्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने २००९ साली जन्मठेप सुनावली. पुढे अपिलात शिक्षेला स्थगिती मिळाली, तरी खटला उभा राहिला आणि निकालापर्यंत गेला.

याखेरीज महाराष्ट्र पोलिस अधिनियमाच्या कलम २२-पी खालील राज्य पोलिस तक्रार प्राधिकरण आहे, राज्य मानवी हक्क आयोग आहे आणि त्याची मुदत एक वर्षाची आहे. भरपाईसाठी संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयाच्या येथल्याच खंडपीठात रिट याचिका करता येते. माझा कल, कागद भक्कम असतील तर, याचिकेकडे असतो.

आपल्यावरील गुन्ह्याला फार घाबरू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ साठी लोकसेवकावर हल्ला किंवा त्याच्याविरुद्ध फौजदारीपात्र बळाचा वापर दाखवावा लागतो. बसून राहणे म्हणजे हल्ला नव्हे. त्याच संहितेच्या कलम २२३ खालील आदेशभंगाची दखल न्यायालय केवळ संबंधित लोकसेवकाच्या लेखी तक्रारीवरच घेऊ शकते, पोलिसांच्या दोषारोपपत्रावर नाही. हे दोन्ही मुद्दे घेऊन गुन्हा रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात जाता येईल.

पुराव्याबाबत एवढेच सांगतो की, माहिती अधिकारात स्टेशन डायरीच्या नोंदी, बंदोबस्त आदेश, वायरलेसचे लॉगबुक, भोंगा असलेल्या गाडीचे लॉगबुक आणि पोलिसांनी स्वतः केलेले चित्रीकरण एकाच अर्जात न मागता वेगवेगळ्या अर्जांत मागा, म्हणजे एक नाकारले तरी बाकीचे अडकत नाहीत. चौकातील कॅमेऱ्यांचे चित्रीकरण जपून ठेवण्याची लेखी मागणी आजच द्या. ज्या मैत्रिणींनी मोबाइलवर चित्रीकरण केले, त्यांनी मूळ फाइल त्याच मोबाइलमध्ये ठेवावी. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत दबून बारीक होते आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र मूळ फाइलवरून देणेच सोपे जाते.

हाड आता जुळत आले असेल आणि नव्या एक्स-रेत ती मोड तितकी स्पष्ट दिसणार नाही. त्या रात्रीची पहिली प्लेट, पोलिस केस म्हणून झालेली नोंद आणि केसपेपर रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागातून याच आठवड्यात प्रमाणित करून घ्या. मग सहा महिन्यांची शेवटची तारीख त्या केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईने लिहा आणि वकिलाकडे जाताना तोच कागद सर्वांत वर ठेवा.